कान तुटलेला कप

ती. आईस,
आधी तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना नमस्कार, मग तुला.

आम्ही मजेत आहोत. नवा ओव्हन आलाय. तुझ्या वहीत बघून साधा केक तीनदा केला, तिन्ही वेळा विटेसारखा झाला. तुझे जावई निमूटपणे चहात बुडवून खातात, यावरून काय ते ओळख.

काल माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहीत ‘दोन कप मैदा, तीन अंडी’ लिहिलंय. अंडी तेवढीच, पण माझा कप मोठा. तुझं माप म्हणजे तो कान तुटलेला छोटा कप. गेल्या खेपेला मीच तो कचऱ्यात टाकला, मापाच्या कपांचा चकचकीत सेट तुझ्या हातात ठेवला, वर “आता तरी नीट मोजून कर” असं ऐकवलंही. तू नुसती हसलीस.

बाबांना विचार ना, त्या जुन्या कपात किती पाणी मावायचं? दाढीला चोरून तोच घ्यायचे, आणि तू ओरडायचीस.

तो कप गेल्यापासून फोनवर म्हणतेस, “हल्ली केकचा कंटाळा येतो गं.” मला वाटलं, वय झालं. आई, कंटाळा नव्हता ना तो? तुझेही केक बिघडत होते, आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस.

तुझी,
अतिशहाणी लेक