राजीखुशीनं

महाळुंगे,
११ फेब्रुवारी २०२६

प्रिय गणराज,

तुला आणि तुझ्या तळेगावच्या खोलीला अक्काचे आशीर्वाद. पट्टी निघाली असेल. ड्रॉप वेळेवर घालतोस ना? एका डोळ्यानं जिन्याचा अंदाज येत नाही, कठडा धरून उतर. पिंकी मामाची आठवण काढते. नळाला अजून दिवसाआडच पाणी आहे. फोनच केला असता, पण जामीन झाल्यापासून तुझे दाजी घरातच असतात.

काल यांचे वकील येऊन गेले. म्हणाले, "दोघं सज्ञान, दोघं राजी. खेळात लागलं, एवढंच सांगायचं." तूही पोलिसांना तेच सांगितलंस. दवाखान्यात मला म्हणालास, "अक्का, अंग माझं, हौस माझी. सरकारचं काय गेलं?"

त्यावर मी पुष्कळ विचार केला. गुरुवारी सुट्टीला कंपनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर तुम्ही दोघं नुसत्या मुठींनी एकमेकांना बडवायचात आणि हसत जेवायला यायचात. "दाजीसाठी हळद उगाळून ठेव, आज लई मार खाणार हाय," तू म्हणायचास. हे म्हणायचे, "तुझ्या भावाला चमच्यानं भरवावं लागंल." मला ते आवडायचं नाही. पण दोन मोठी माणसं राजीखुशीनं खेळतात, त्यात कायद्यानं का पडावं, असं मलाही वाटायचं.

तुमचा नियम एकच. जमिनीवर हात आपटला की थांबायचं.

त्या दिवशी तुम्हाला उशीर झाला म्हणून मी डबा घेऊन तिथं आले होते. तुम्हा दोघांना ते ठाऊक आहे, वकिलांना नाही. तू हात आपटलास. यांनी पाहिलं, गणराज. माझं लक्ष यांच्या चेहऱ्यावरच होतं. पाहिलं, आणि मग तुझ्या डोळ्यावर तो ठोसा मारला.

ही गोष्ट तू का लपवलीस, ते मला कळतं. अक्काचं घर मोडू नये म्हणून. हेही रोज विचारतात, "तू कुणाच्या बाजूनं बोलणार?" मी भाकरी थापत राहते. दमले रे आता.

तू राजी होतास, हे खरं. हात आपटल्यावर नव्हतास, हेही खरंच. उद्या पोलीस चौकीत जाऊन मी दोन्ही सांगणार आहे. तू रागावशील. रागाव. पण माझ्या संसारासाठी तू आणखी काही द्यायचं नाहीस.

पिंकीचे कपडे भरून झालेत.

या घरातून बहुधा शेवटचं,
तुझी अक्का