मानवतच्या स्टँडवर

जिंतूर, रविवार

संघप्रियाताई, जयभीम.

मागल्या महिन्यात मानवतच्या स्टँडवर तू "शीलू, अरे शीलू" करत आलीस आणि मी तोंड फिरवून बसमध्ये चढलो. "परदेशात रग्बी खेळून भावाला लय गुर्मी आली," असं तू सगळ्यांना सांगायलीस. माझी बायको करुणा तुला खरं सांगणार होती, मीच तिला गप्प बसवलं.

ताई, मी तुला ओळखलंच न्हाई. कुणी अनोळखी बाई हाका मारायलीय, एवढंच वाटलं.

बारा वर्षं मी पगारी फॉरवर्ड होतो. समोरच्यांना डोकं-खांदे भिडवून रेटायचं, हेच फॉरवर्डचं काम. कितीदा डोक्याला मार लागून शुद्ध हरपली. तरी डॉक्टरला "बरा हाय" म्हणायचो, कारण बाहेर बसलं की संघातली जागा जायची. आता मेंदूच झिजायलाय. त्याला औषध न्हाई म्हणतात.

काल करुणाला विचारलं, "आई जेवली का?"

"आईंना जाऊन चार वर्षं झाली हो."

मी नव्यानं रडलो. आज सकाळी परत तेच विचारलं म्हणे.

हे पत्र पाठवलं तर तू धावत येशील, आणि मी दारात विचारीन, "तुमी कोण?" त्यापेक्षा तुझा राग बरा.

तुझाच,
शीलरत्न