ऑफ-ड्यूटी शिस्तीचा इन्चार्ज

२० मार्च १९४४, सोमवार. इजिप्त.

आज कॅप्टनसाहेबांनी तंबूत बोलावलं. परेड सुटल्यावर शिपाई कुठं जातात, काय करतात, यावर आता मी नजर ठेवायची. म्हणजे ऑफ-ड्यूटी शिस्तीचा इन्चार्ज मी, हवालदार मार्तंड, राहणार तुळजापूर. जमादाराची जागा रिकामी आहे, हेही ते बोलता बोलता बोलले. उगाच कोण बोलतं असं?

ईरण्णा म्हणतो, तुमचा एकही बार निशाणावर लागत नाही म्हणून हे काम दिलं. ईरण्णा मुरुमचा. त्याला कानडी येतं, मराठी येतं. गप्प बसणं तेवढं येत नाही.

बाबा तुळजापूरच्या तहसील कचेरीत पेशकार. मी भरती झालो तेव्हा चारचौघांत म्हणाले होते, हा कुठंच टिकत नाही, फौजेत काय टिकणार. आज घरी कळवून टाकलं की मी जमादार झाल्यातच जमा. आता घ्या म्हणावं.

निश्चय: बिडी बंद. रम बंद. पत्ते बंद. इन्चार्ज स्वच्छ पाहिजे.

२१ मार्च

बिडी एकदम सोडली तर छातीला अपाय होतो म्हणतात. हळूहळू सोडू.

२४ मार्च

चार दिवस पाळत ठेवली. एक गुन्हा नाही. हे लोक परेड सुटली की कपडे धुतात, एकमेकांची डोकी भादरतात आणि गावाकडचा पाऊस, बैल, सोयरिकी यावर बोलत बसतात. त्यांचा म्होरक्या बलभीम, येरमाळ्याचा. अंगानं दोन माणसांचा, डोक्यानं अर्ध्याचा. त्याला विचारलं, तुम्ही बाजारात का जात नाही? म्हणाला, आउट ऑफ बाउंड्स हाय न्हवं, जायाची मनाई हाय.

अशा लोकांत शिस्त आणायची कशी? आधी बेशिस्त तर पाहिजे.

२६ मार्च, रविवार

बाजारातलं ग्रीक माणसाचं दुकान स्वतः तपासून आलो. आपला कुणी शिपाई तिथं नव्हता. नुसतं बसलो तर संशय येईल म्हणून एक ग्लास घ्यावा लागला. दुसरा त्यानं आपणहून भरला. परदेशात माणसाचा मान ठेवावा लागतो.

कोटाचं एक बटण कुठं तरी पडलं. बलभीमनं न बोलता शिवून दिलं. वरच्या माणसाचा धाक असला की असं होतं.

२९ मार्च

फार मोठी कल्पना सुचली. फाटकापासून कॅप्टनसाहेबांच्या तंबूपर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड, मुठीएवढे, चुन्यानं पांढरे केलेले, एका ओळीत. इंग्रजी छावणी अशी ओळखू येते. दहा एप्रिलला जनरलसाहेब तपासणीला येणार. त्यांची नजर आधी दगडांवर जाईल, मग ते विचारतील, हे कुणी केलं.

चुना शिपायांनी लावला. कल्पना माझी.

२ एप्रिल, रविवार

पत्त्यांचा अड्डा पकडला. हे गावठी लोक किती अडाणीपणानं खेळतात ते दाखवायला बसलो. माझ्या आठवड्याच्या सगळ्या सिगारेटी ईरण्णाकडं गेल्या. तो लबाडी करतो, पण नेमकी कुठं करतो ते सापडलं नाही.

जरा मन हलकं करायला ग्रीकाकडं पाहणी केली.

६ एप्रिल

बलभीम टोपी हातात घेऊन आला. म्हणाला, "हवालदारसाहेब, परवा चैताची पुनव. दुसऱ्या दिशी आमच्या येडाईची खडी असती. आमी हितंच खडं येचावं म्हंतो. तुमी व्हय म्हना."

येरमाळ्याच्या येडेश्वरीची ही रीत मला ऐकून माहीत. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघते, हजारो लोक रानातून चुन्याचे पांढरे खडे वेचतात आणि देवीच्या जागेवर नेऊन टाकतात. मी कधी गेलो नाही. तिथं धूळ फार.

मनात म्हटलं, या वाळवंटात चुन्याचा खडा कुठला आलाय? बसतील दिवसभर वाळू चिवडत. पण नऊ तारखेला इंग्रजांचा ईस्टर, साहेब लोक सगळे प्रार्थनेला. मलाही एक शेवटची पाहणी करायची होती. परवानगी दिली. सापडतील तेवढे वेचा म्हणालो. बलभीम पाया पडायला वाकला. बिचारे. त्यांना अक्कल नसली तरी माझ्याबद्दल आदर आहे.

८ एप्रिल

उद्यापासून रम कायमची बंद. उद्या रविवार आहे. सोमवारपासून.

१० एप्रिल, सोमवार. क्वार्टर गार्ड.

कोठडीत आहे. सगळा गैरसमज आहे, म्हणून क्रमानं लिहून ठेवतो.

काल दुपारी ग्रीकाकडं पाहणी चालू असताना मिलिटरी पोलीस आले. मी त्यांना शांतपणे सांगितलं की मी इन्चार्ज आहे. ते म्हणतात मी टेबलावर उभा राहून सांगितलं. जीपमध्ये घालून आणलं.

फाटकाशी उतरलो तर वाटेवर एक दगड नाही. माझी ओळ साफ. पलटणीतले सगळे परेडच्या मैदानावर गोळा झालेले. जनरलसाहेबांनी सलामी घ्यायची म्हणून बांधलेल्या चौथऱ्यावर माझ्या पांढऱ्या दगडांची रास, राशीपुढं मोटारखान्यातल्या लाल रंगाचा टिळा लावलेला धोंडा, आणि आई येडेश्वरीचा उदो चालू. दुसऱ्या प्रांतातले शिपाईसुद्धा त्यात. मी जीपमधूनच ओरडलो. कुणाला ऐकू गेलं नाही.

तरी मी म्हणत होतो, हे लोक एक दिवस मला बुडवणार.

आज तपासणी आटोपल्यावर कॅप्टनसाहेबांपुढं उभं केलं. बलभीम आधीच तिथं होता. साहेबांपुढं पोलिसांचा कागद. ते म्हणाले, सगळ्या शिपायांनी सकाळी दुभाष्यापुढं शपथेवर सांगितलं की कालची जत्रा तूच भरवलीस आणि तू बाजारात गेलास तो त्यांच्यासाठी उदबत्ती आणायला. खरं का?

मी बलभीमकडं पाहिलं. तो मान खाली घालून उभा. डाव माझ्या लगेच ध्यानात आला. दगड यांनी उचलायचे, चौथरा यांनी बाटवायचा आणि खापर माझ्या माथी. मी खाडकन सलाम ठोकला आणि इंग्रजीत म्हणालो, "नो सर! आय ॲम एज्युकेटेड मॅन, सर." मग सविस्तर सांगितलं. या अडाण्यांशी माझा काडीचा संबंध नाही. मी बाजारात गेलो तो दुकान तपासायला, आणि दारू घेतली ती नमुना म्हणून. परवानगी मी दिली होती, ते सांगायची गरज वाटली नाही.

साहेबांनी पोलिसांचा कागद पुढं ओढून घेतला. मग म्हणाले, जनरल फार खूश होऊन गेले. सुटीच्या दिवशी इतर छावण्यांतले लोक नशेत गटारात सापडले, आणि इथले देवाचं करत होते. एवढी शिस्त कुणी लावली, असं त्यांनी मुद्दाम विचारलं. मी तुझंच नाव सांगणार होतो. जमादारीसाठी. हा पोलिसांचा कागदही फाडणार होतो, पण शिपायांचं म्हणणं तुझ्या तोंडून ऐकून घ्यावं म्हणून थांबलो.

बलभीम तेव्हा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, साहेब, हवालदारांना ताप हाय, काय बी बोलत्यात. ते साहेबांना कळलं नाही. त्यांना मराठी येत नाही, आणि मला ते इंग्रजीत सांगता आलं असतं. पण मला त्या वेळी एकही इंग्रजी शब्द आठवेना.

११ एप्रिल

फिती काढल्या. आता शिपाई. इन्चार्ज बलभीम. त्याला लान्सनाईक करणार आहेत.

वर अर्ज करीन म्हणतो. कॅप्टनसाहेब मनानं चांगले, पण माणसांची पारख नाही.

अर्ज उद्या लिहीन.

१२ एप्रिल, संध्याकाळ

पाण्याच्या टाकीशी बलभीम भेटला. मला ओळख दाखवायची नव्हती, पण तो जवळ येऊन बसला. मला वाटलं होतं आता हा हुकूम सोडील. त्यानं बिडी पुढं केली. घेतली. मग म्हणाला, "मार्तंडराव, आमी सगळ्यांनी ठरवलंय. गावाकडं ह्यातलं कुनी बोलनार न्हाय. तुमच्या वडलांच्या कानावर जायचं न्हाय."

मी म्हणालो, जाऊ दे की. मला काय त्याचं? बाबांना मी सगळं समजावून सांगीन, त्यांना फौजेतलं राजकारण कळतं. तो बरं म्हणाला आणि उठून चालू लागला.

चांगला लांब गेला होता. मी पळत जाऊन त्याला गाठलं आणि विचारलं, ईरण्णासुद्धा नाही ना सांगणार?