होयबाचा हिरवा पट्टा

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं भिंतीवरचं घड्याळ काल पार्सलने सुखरूप पोचलं. काच शाबूत आहे. आत एक मेलेलं झुरळ निघालं, पण ते भावजींनीच घातलं असणार हा तुझा संशय मला पटत नाही. लंबक अडकतोय, स्प्रिंग दमली आहे, वेळ लागेल. नेहमीप्रमाणे दहा मिनिटं पुढे लावून पाठवतो. घड्याळजीकडून मुद्दाम चुकीची वेळ लावून घेणारी तू जगात एकटीच असशील, आणि त्यापायी भावजी रोज साखरझोपेतून आधीच आंघोळीला पिटाळले जातात. पण तू सांगतेस म्हणजे लावतो.

आता एक गंमत. गंमत कसली, घोळच. माझ्या दुकानाच्या डोक्यावर पूर्वी टायपिंगचा क्लास होता ना, तिथे आता कराटेची जिम आली आहे. संध्याकाळ झाली की वर माणसं एकमेकांना आपटतात. प्रत्येक आपटीला माझ्या टेबलावरचे स्क्रू उडी मारतात. परवा एका नाजूक घड्याळाचा स्क्रू उडाला, तो मला माझ्या चहात सापडला, तोही घोट घेताना. म्हटलं, आता वर जाऊन नीट शब्दांत सांगायचंच.

वर गेलो तर काउंटरवरच्या मुलीने गोड हसून बूट काढायला लावले. मॅटवर बूट चालत नाहीत, बरोबरच आहे. तिने ते कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. मग मला आतल्या खोलीत सरांपुढे बसवलं. सर म्हणजे जिमचे मालक. त्यांना मान नाहीच, खांद्यांवर थेट डोकं. मी आपटण्याबद्दल तोंड उघडणार तोच ते म्हणाले की माझ्या डोळ्यांत त्यांना झोपलेला योद्धा दिसतोय. मी म्हटलं, दुपारी डुलकी झाली नाही म्हणून दिसत असेल. तेवढ्यात कुणीतरी मागून येऊन, नुसतं माप बघू म्हणत, पांढरा कोट माझ्या अंगावर चढवला. सवलत आज रात्रीच संपतेय, असंही सर म्हणाले. विचार करून सांगतो म्हटलं तर सगळी बॅच दारात येऊन टाळ्या वाजवायला लागली. एवढ्या लोकांचा हिरमोड कसा करायचा, ताई? सही केली. त्यांनी घंटा वाजवली. मग बूट मिळाले.

थोडक्यात, तक्रार राहिली आणि मी वर्षभराचा मेंबर झालो. भावजींना नमस्कार. लोभ असू दे, हे पत्र वाचल्यावर जरा जास्तच असू दे.

तुझा,
धाकटा

दि. ९ जून

चि. होयबास,
अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. तुला लहानपणी होयबा म्हणायचे ते काय उगाच? एक बरं, लग्नाचं तुला कुणी विचारलं नाही. नाहीतर आज घरात चार बायका असत्या आणि चौघींना तू होय म्हटलं असतंस.

अरे वेड्या, मी उभी हयात कापडाच्या दुकानात काउंटरवर काढली. नुसतं बघा, घेऊ नका, असं म्हणत कापड बाईच्या खांद्यावर टाकायचं, आरसा पुढे धरायचा, आणि शेवटचाच तुकडा उरलाय म्हणायचं. मागे तशीच चार ठाणं पडलेली असायची. तुझा तो कोट, त्या टाळ्या, ती आज रात्रीची सवलत, सगळी आमचीच विद्या. फक्त बूट कुलपात ठेवायचं आम्हाला कधी सुचलं नाही, हे मान्य करायला हवं.

आता ऐक. पुन्हा वर जा आणि स्पष्ट तक्रार कर. आवाज फार होतो, मला मेंबरशिप नको, इतकंच. हसायचं नाही, मान डोलवायची नाही. समोरचा कितीही गोड बोलला तरी विरघळायचं नाही. घड्याळाची घाई नाही, पण पुढे लावायला विसरू नकोस. हे म्हणतात की बरोबर लाव. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

लोभ आहे, पण सध्या रुसून बसला आहे.
तुझी ताई

दि. २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं अगदी शब्द न बदलता बोललो. हसलो नाही. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, उठले, आणि मला मिठी मारली. म्हणाले, तक्रार करायला जिगर लागते, योद्धा जागा झाला. मग सगळ्यांना बोलावून माझ्या कमरेला पिवळा पट्टा बांधला. टाळ्या, घंटा, बूट.

दुसऱ्या दिवशी, मला पिवळा पट्टा नको, मी अजून एक लाथसुद्धा मारलेली नाही, अशी तक्रार घेऊन गेलो. नारिंगी मिळाला. मग घंटेचाच आवाज फार होतो म्हणून गेलो. आता हिरवा आहे.

हळूहळू उलगडा झाला. इथे जो कुरकुर करेल त्याला वरचा पट्टा देऊन गप्प करतात. पट्टा कमरेला बसला की माणूस शिव्या कुठल्या तोंडाने घालणार? तपकिरी पट्ट्याच्या एक आजी आहेत. त्यांनी जन्मात कुणाला चापट मारलेली नाही. त्या फक्त पंख्याबद्दल बोलतात. पंखा अजून तसाच खडखडतोय आणि आजी काळ्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर आल्या आहेत. जे दोघे-तिघे खरोखर चांगले लढतात ते बिचारे समाधानी आहेत, म्हणून पांढऱ्यातच अडकलेत.

हसू नकोस, खरी पंचाईत पुढेच आहे. हिरव्या पट्ट्याला वार्षिक कार्यक्रमात सगळ्यांसमोर हाताने लाकडी फळी फोडावी लागते. उजव्या हाताने. जिन्यात माझा फोटो लागला आहे, शहाऐंशी किलोच्या माणसाच्या धडाला माझं डोकं चिकटवून. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायची ती हीच बोटं, ताई. एक जरी वाकडं झालं तर दुकानाचं शटर कायमचं खाली ओढायचं. मला झोप लागत नाही. रोज नाही म्हणायला वर जातो, बूट कपाटात जातात, आणि मी होय म्हणून खाली येतो.

लोभ तर हवाच, आता धीरही पाठव.
तुझा,
धाकटा

दि. २५ जून

चि. होयबास,
अ. उ. आ.

खबरदार त्या फळीला हात लावलास तर! बाबांनी तुला ती विद्या दिली तेव्हा मीसुद्धा शेजारी बसून रडले होते, मला का शिकवत नाहीत म्हणून. माझी बोटं जाडी निघाली. घरात ते कसब आलं ते तुझ्याच हातात, आणि ते मी कुणा बिनमानेच्या माणसाला मोडू देणार नाही.

शनिवारच्या बसने येते. तू तोंडातून चकार शब्द काढू नकोस. मला आजवर कुणी काही विकलेलं नाही. भाजीवाली मला बघून आधीच भाव कमी करते. पाच मिनिटांचं काम आहे, तोवर तू चहा टाक.

लोभ पोटात ठेवून, पदर खोचून येते.
तुझी ताई

दि. ३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नीट पोचलीस ना? निघताना बोलली नाहीस म्हणून विचारतो.

तू पाच मिनिटांसाठी वर गेलीस. मी चहा टाकला. तो चार वेळा गरम केला. घंटा वाजू लागली तेव्हा मोजायचं भान होतं, नंतर सोडून दिलं. दिवेलागणीला तू जिना उतरून आलीस तेव्हा साडीवर काळा पट्टा होता. त्याबद्दल विचारू की नको, हे रात्रभर कळेना. सकाळी तू बसमध्ये चढलीस तेव्हाही तो होता.

माझ्या फळीचं काय ठरलं तेवढं कळव. लोभ आहेच, म्हणूनच जास्त विचारत नाही.
तुझा,
धाकटा

दि. ७ जुलै

चि. होयबास,
अ. उ. आ.

सांगते. आधी हसणं थांबव.

वर गेले, चपला कुलपात गेल्या. बसल्या बसल्या मी म्हटलं, हे कोटाचं कापड एका धुण्यात आटेल. सरांनी पिवळा पट्टा दिला. पडद्यांचा रंग मेला आहे म्हटलं, नारिंगी. खुर्ची डुगडुगते, मुलगी नको तिथे हसते, पाण्याला वास येतो, तुमचं बोलणं पाठ केल्यासारखं वाटतं. पट्ट्यावर पट्टा, पट्ट्यावर पट्टा. अरे, आयुष्यभर मी एवढ्या चुका काढल्या, घरात कधी कुणी टाळी वाजवली? हे तर उठून फिरायलाच जातात. शेवटी ती तपकिरी आजी उठून उभी राहिली आणि म्हणाली की अशी तक्रार तिने उभ्या जन्मात ऐकली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काळा पट्टा बांधला तेव्हा मेंबरशिपच्या कागदावर सही कधी झाली ते कळलंसुद्धा नाही.

आता तुझं. कार्यक्रमात हिरव्या पट्ट्यापुढे फळी काळ्या पट्ट्याने धरायची असते. तो मान मला मिळाला आहे, आणि मी शब्द देऊन बसले आहे. फळी मी बघितली, पातळ आहे. तुला उगाच धसका बसतो, लहानपणापासून तसाच आहेस तू. एक फटका मार आणि मोकळा हो. माझी लाज राख. नाही म्हणू नकोस, म्हणजे तू म्हणणार नाहीसच.

लोभ आहे आणि आता जिमभर पसरला आहे.
तुझी ताई (काळा पट्टा)

दि. ११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोळपाटावर सराव केला. पोळपाटाला काही झालं नाही. हात सुजला आहे, म्हणून अक्षर असं आलंय. तुझ्या घड्याळाचं काम थांबलं आहे.

तू म्हणतेस तर होय.
धाकटा

दि. २२ जुलै

चि.,
अ. उ. आ.

पुढे होयबा लिहिणार होते, पण पेन अडलं.

कार्यक्रमातून तू गेलास तो शटर लावून बसलास, त्यामुळे वर काय झालं ते सगळं तुला माहीत नाही. मी फळी धरून उभी. सगळे ओरडून आकडे मोजतायत. तू समोर, हात वर, आणि त्या हातावरची सूज मला तेव्हा दिसली. पत्रात वाचली होती रे, पण वाचलेली वेगळी. तरीही मी डोळ्यांनी तुला दटावलंच, मार म्हणून. आणि तू हात खाली घेऊन माझ्याकडे बघत नाही म्हणालास. सरांना नाही, बॅचला नाही, मला. त्या घंटेजवळ बसलेल्या माणसाने गोंधळून घंटा वाजवली.

मग तू अनवाणीच जिना उतरून गेलास. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुझं दुकान त्याच जिन्याच्या खाली! इतके दिवस तू बुटांसाठी त्या खोलीत बसत होतास आणि स्वतःचं दार एक मजला खाली होतं. मी तरी काय मोठी शहाणी! साध्या रबरी चपलांसाठी काळा पट्टा घेऊन आले.

सर सवयीने एक तपकिरी पट्टा घेऊन तुझ्यामागे धावले. तोवर पंख्यावाल्या आजी उठल्या, चपलांकडे न बघता चालू लागल्या, आणि त्यांच्यामागे अख्खी बॅच. रस्त्यावर पांढऱ्या कोटातली अनवाणी माणसं बघून एक रिक्षावाला थांबून बघत राहिला. काउंटरवरची मुलगी किल्ली गळ्यात घालून भरलेल्या कपाटापाशी एकटीच उभी होती. तिला मी रागावले, तिने कपाट उघडलं. तुझे बूट शटरपाशी ठेवले ते मीच. आत यायची हिंमत झाली नाही.

बसमध्ये आधी राग आला. आपला धाकटा मला चारचौघांत नाही म्हणतो म्हणजे काय! मग तुझी बोटं डोळ्यांसमोर आली आणि पदर तोंडाला लावून रडले. ते हात तू वाचवलेस रे. मी मोडायला निघाले होते. ह्यांना सांगितलं तर हे इतकंच म्हणाले की नाही म्हणायचं कसं, हे तुला विचारून घ्यायचं आहे.

असो. कालच सर आले होते, हिरमुसले होते बिचारे. आमच्या गावात नवी शाखा काढतायत, कुलपाशिवाय. पडदे मी निवडतेय. ओळखीच्या माणसाला पहिला महिना फुकट आहे, मुदत शनिवारीच संपते, म्हणून तुझं नाव घालून ठेवलंय. तू फक्त होय कळव. आणि घड्याळ आता पाठव, नेहमीसारखं पुढे लावून.

लोभ होता त्याच्या दुप्पट झाला आहे, हे खरं.
तुझी ताई

दि. १ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही.

हात बरा झाला, अक्षरावरून कळेलच. तुझं घड्याळ आज रवाना केलं. लंबक छान चालतोय, टोलही स्वच्छ पडतात. वेळ बरोबर लावली आहे. पुढे लावलेली नाही, आणि लावणार नाही. भावजींना सांग, त्यांची सकाळची दहा मिनिटं पार्सलमधून येतायत.

लोभाला मात्र माझं कायमचं होय.
तुझा,
धाकटा