पाऊण इंच आखूड

दि. ९ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत. तुझी खुशाली आईच्या फोनवरून कळते, तेवढ्यावर सात वर्षं भागवली. नवी करवत घेतली आहे. सुतारकाम मी कुठे शिकायला गेलो नाही, पण माझ्या सांध्यात अजून नख शिरत नाही. असो.

पत्राचं कारण तुझी पुतणी, चिमणी. तू गेलास तेव्हा ती दोन वर्षांची होती. चौथ्या वर्षी शेजारच्या प्लंबरच्या मुलीला म्हणायची, "बाहुली दिलीस तर तू माझी मैत्रीण." नाही दिली की कट्टी. सहाव्या वर्षी आळीपाळी सुरू झाली: एकदा तुझा खेळ, एकदा माझा. मला वाटलं, पोरींची मैत्री ती एवढीच.

रविवारी त्याच दोघी माझ्या कारखान्यात पक्ष्यांसाठी घरटं करत होत्या. चिमणीने खूण केली, मैत्रिणीने कापलं. फळी पाऊण इंच आखूड.

"कोणाचा पराक्रम?" मी विचारलं.

"माझी खूण चुकली, बाबा," चिमणी म्हणाली.

खूण उरलेल्या तुकड्यावर शाबूत होती. मी मोजली. केसभरही चुकली नव्हती.

संध्याकाळी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तिला आधीच वाटतं, आपल्याला काही जमत नाही. तुम्ही ओरडला असता तर ती परत आली नसती."

"आणि तिला कळलं तर?"

"कळलंच आहे. मला कळलंय हे तिला कळलंय. पण आम्ही त्यावर बोलणार नाही."

नऊ वर्षांची पोर, धाकट्या. एका मनात दुसरं मन, त्यात पुन्हा पहिलं. मी रंधा खाली ठेवला. हे हिला शिकवलं कोणी?

आणि मला आठवलं सात वर्षांपूर्वी तू कापलेलं, आखूड निघालेलं डॉक्टरीणबाईंच्या कपाटाचं दार. मी तुला चारचौघांत अडाणी म्हणालो, तू गप्प राहिलास. ते गप्प राहणं म्हणजे कबुली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण त्याच दुपारी मी तुकडा उलटून पाहिला होता. तू बरोबर खुणेवर कापलं होतंस. चुकलेली खूण माझी होती. गिऱ्हाईकासमोर माझी शोभा होऊ नये म्हणून तू बोलला नाहीस, आणि मी कधीतरी बोलेन म्हणून महिनाभर थांबलास. मग गेलास.

कामाला परत ये, असं म्हणायचं तोंड मला नाही. एकदा जेवायला ये. चिमणीला सगळं सांगितलं आहे, माझी चूक धरून.

चूक ज्याची होती तो,
तुझा दादा