एक वर, एक खाली

प्रिय भिंगरी,

फोनवर तू बोलतेस आणि मी नुसती हं हं करते, म्हणून म्हटलं यावेळी पत्रच लिहावं. मध्ये तोडायला तू नसलीस की माझी वाक्यं पुरी तरी होतात. आधी एक गंमत सांगते. पोरांना घेऊन थीम पार्कला जायचं की नाही ते आई, तूच ठरव, असं तू मला सांगितलंस, आणि दोनच दिवसांनी जावईबापूंचा फोन, की आई, ती तुमचं ऐकते, तेव्हा तुम्हीच नको म्हणा. म्हणजे दोघांनी मिळून मला पंच केलंय आणि दोघांनाही खात्री, की पंच आपल्याच बाजूचा. पोरं तिकडे पलंगावरून उड्या मारून सराव करतायत, आणि तुम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलताय, हेही माझ्या कानावर आलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस.

जावईबापूंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हं. एवढ्या पैशात घराला रंग होईल, दिवसभर रांगेत उभं राहायचं, साधं पाणीसुद्धा आतल्याच भावाने घ्यायचं, आणि धाकटीला त्यातलं काही आठवणारही नाही. तुझं म्हणणं, हौसेला मोल नसतं, आणि लहानपणी आपण नव्हतो का गेलो, केवढी मजा आली होती. ही मजा मी इतकी वर्षं तुझ्या तोंडून ऐकते आहे. ऐकायला छान आहे, पण घडलं होतं ते जरा निराळं.

बाबा तेव्हा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होते. कुठल्या इमारतीची लिफ्ट कधी रुसेल याचा नेम नसायचा. घास हातात असताना फोन यायचा, कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असायचं, आणि ताट झाकून ठेवून मी पुन्हा मशीनवर पडदे शिवायला बसायची. तुला आणि तुझ्या धाकट्या भावाला ते अर्धे अर्धेच मिळायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनात तू फुलपाखरू झाली होतीस, तर पहिल्या गाण्याला बाबा होते आणि दुसऱ्या गाण्याला त्यांची खुर्ची रिकामी. म्हणून मीच हट्ट धरला. बरीच काटकसर केली, माझं पडद्यांचं दुकान बंद ठेवलं, आणि गेलो आपण.

आता ऐक तिथे काय झालं ते. लिफ्टच्या कामात त्यांचा एक नेम होता. दुरुस्ती झाली की आधी लिफ्ट रिकामी फिरवायची, मग आपण एकट्याने बसून फेरी मारायची, आणि मगच लोकांना चढू द्यायचं. नेम चांगलाच, पण तो त्यांनी थीम पार्कात चालवला. पहिल्याच पाळण्यापाशी आपल्याला बाकावर बसवून स्वतः एकटे रांगेत उभे राहिले. अर्ध्या तासाने फिरून खाली आले, हरकत नाही म्हणाले, आणि मग मी तुम्हाला घेऊन त्याच रांगेच्या शेपटाला. खाली कुणीतरी पिशव्या सांभाळायला हवं, म्हणून ते खाली. अशी आपली प्रत्येक गोष्टीला दोनदा रांग. लोकांचे सहा खेळ व्हायचे तेव्हा आपले तीन. मी आधी समजावलं, मग रागावले, मग गप्प बसले. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं?

आणि तो रोलर कोस्टर. तू पोरांना सांगतेस ना, की मी त्यात हात वर करून बसले होते? बसली नव्हतीस, बाई माझी. बाबांनी तो पास केलाच नाही. वळणावर खर्र असा आवाज येतो, आतली बेअरिंग गेली आहे म्हणाले, आणि तिथल्या माणसाला जाऊन सांगितलंही. तो बिचारा हसून म्हणाला, साहेब, तो आवाज शेजारच्या पॉपकॉर्नच्या यंत्राचा आहे. बाबा जाऊन यंत्रापाशी उभे राहिले, आवाज तोच निघाला, पण एकदा नाही म्हटलं ते म्हटलं. तू जमिनीवर बसकण मारून रडलीस, धाकट्याने तुझं बघून भोकाड पसरलं, आणि तेच पॉपकॉर्न घेऊन दोघांची तोंडं बंद केली. हे सगळं तू विसरलीस आणि न बसलेल्या गाडीत हात वर करून बसलीस. मी कधी तुला खोडलं नाही, कारण सांगताना तुझे डोळे इतके चमकतात की वाटतं, असेल बाई, बसलीही असेल.

धाकट्याला विचार, त्याला थीम पार्क आठवतच नाही. त्याला आठवते आपण उतरलो होतो त्या हॉटेलची लिफ्ट. सकाळी नाश्त्याला जाताना बाबा तुम्हा दोघांना घेऊन उगाचच वरच्या मजल्यापर्यंत जायचे, लिफ्टच्या पाठीमागे तोलाचं वजन कसं असतं, दोर तिला कसा धरतो, दार नीट लागल्याशिवाय ती जागची का हलत नाही, ते सांगायचे. तुम्ही दोघं भिंतीला कान लावून ऐकायचात. लोक दारापर्यंत यायचे आणि तिघांकडे बघून पुढच्या लिफ्टची वाट बघायचे. तेव्हा मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. त्या सुट्टीत कुणाची लिफ्ट बंद पडली तरी बाबांना कुणी बोलावू शकत नव्हतं. तुम्हाला सकाळपासून झोपेपर्यंत अख्खा बाप मिळाला, हट्टी आणि शंकेखोर का होईना. घरी बसून तो मिळाला नसता, हे मी आजही शपथेवर सांगेन. तेव्हा जावईबापूंना म्हणावं, पाळण्यांचा हिशेब मांडाल तर तोटाच आहे. ते जे रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसतात, तो घरी ठेवून येणार असतील तर जा, नाहीतर खरंच घराला रंग काढा. आणि तू सगळं बघायचंच म्हणून पोरांना पळवू नकोस. हा झाला पंचाचा निकाल, दोघांनाही थोडा कडू.

एवढंच सांगायचं असतं तर फोनवरही सांगितलं असतं. तू मागच्या रविवारी विचारलंस ना, तुम्हीही चला म्हणून? बाबा लगेच म्हणाले, आम्ही म्हातारी माणसं कशाला, तुम्ही जा, आम्ही घर सांभाळतो. माझंही उत्तर त्यांनीच देऊन टाकलं, आणि ते समोर बसलेले, म्हणून मीही हं म्हटलं. भिंगरी, मला यायचंय. तेव्हा तुम्हाला अख्खा बाप मिळाला, पण मला नवरा काही मिळाला नाही गं. ते वर तेव्हा मी खाली, मी वर तेव्हा ते पिशव्या घेऊन खाली. आकाशपाळण्यात मी तुम्हा दोघांना धरून बसले होते, सगळं शहर दिसत होतं, आणि शेजारी दाखवायला ते नव्हते. आता निवृत्त झालेत, कुणी बोलावत नाही, दिवसभर घरातच असतात, तरी आम्ही दोघं मिळून कुठे गेलो नाही. तेव्हा तिकिटं आम्हा दोघांचीही काढ, आणि त्यांना विचारू नकोस, सांग. तिथे गेल्यावर पिशव्या तू आणि जावईबापूंनी सांभाळायच्या. ते म्हणतील, आधी मी एकटा बसून बघतो. तेवढं त्यांना करू देऊ नकोस. बंद पडलाच पाळणा, तर दोघं एकदमच अडकू वर, आणि खालून कुणी घाई करायची नाही.

तुझीच,
आई