चांगल्या डोळ्यावरची पट्टी

९ जानेवारी १९७८, सोमवार
शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि सुजाताला हिंगोलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. दहा महिन्यांची झाली, डावं बुबुळ अजून नाकाकडेच. डॉक्टरांनी बॅटरी मारली, तिनं बॅटरी चाटली. म्हणाले, "तिरळेपणा आहे. ऑपरेशन लागेल, पण पाच वर्षांची झाली की या. शाळेत घालायच्या आधी." म्हणजे चार वर्षं नुसतं पाहत बसायचं. मी पाहीन. ती कशी पाहील, हे विचारायचं राहिलं.
घरी सासूबाई, म्हणजे आत्याबाई, खूश. "म्या म्हनलं व्हतं का न्हाई? हेकणी लेक भाग्याची असती. ही जन्मली अन् माझा ल्योक यष्टीत परमनंट झाला."
बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून मुहूर्त पाहत नाही, हे आमच्या सासूबाई दिवसातून दोनदा सांगतात. पण भाग्य म्हणजे काही मुहूर्त नव्हे.

१२ जाने., गुरु.
हे मुक्कामी गाडीवर कंडक्टर. संध्याकाळी आमच्या गोरेगावला उतरतात ते गाडीभर लोकांचे सल्ले घेऊनच. आजचे: काजळ डाव्या हातानं घाला. नाकाचं हाड वर आलं की डोळा आपोआप सरळ होतो. कनेरगाव नाक्यावर चढलेल्या बाईचं म्हणणं, पाळण्यावर खेळणं टांगलं असेल, त्याच्याकडे बघून बघून पोरगी हेकणी झाली. झालं! माझ्या भावानं दिलेलं चिमण्यांचं झुंबर आत्याबाईंनी तिथल्या तिथं उतरवलं. त्यांच्या भावानं दिलेला खुळखुळा मात्र निर्दोष.
यांनी डेपोतून तिकिटाचा मोडका पंच मागून आणलाय. टक् टक् वाजवला की सु. झेपावते. हात दरवेळी बोटभर बाजूला पडतो. आम्ही सगळे हसतो. आज मला मधेच हसू येईना.

३१ जाने., मंगळ.
औरंगाबाद. पाठ मोडली. पण आल्याचं सार्थक झालं. इथल्या डॉक्टरीणबाई वयस्क, चष्मा दोरीला. म्हणाल्या, "पाच वर्षं थांबणारेही आहेत. मी थांबत नाही. दोन वर्षांच्या आत." वाकडा डोळा जे दाखवतो ते मेंदू मोजतच नाही म्हणे, आणि असं फार दिवस चाललं की तो डोळा कायमचा मंद राहतो. मग सरळ करून उपयोग दिसण्यापुरता.
मला चटकन कळलं. वर्गात पुढच्या बाकावरचा हुशार मुलगा सगळी उत्तरं देऊन टाकतो, मागचा बसून बसून ढ होतो. हुशाराला थोडा वेळ गप्प बसवायचं. म्हणून आधी उजव्या, चांगल्या डोळ्यावर पट्टी, रोज तीन तास. डावा शिकला की मग ऑपरेशन. एप्रिलमध्ये बोलावलंय.

६ फेब्रु., सोम.
पट्टीचे तीन तास वाटून घेतले. दोन दुपारी आत्याबाईंकडे, एक संध्याकाळी मी शाळेतून आल्यावर. पट्टी मी शिवली, काळ्या कापडाची, नाडीची. सगळ्या गल्लीला एकच कोडं: डोळा डावा वाकडा, पट्टी उजव्याला काहून? शेजारच्या काकू म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमाला डावं-उजवं कळंना का?" मी पुढच्या बाकाचा दृष्टान्त दिला. त्यांनी ऐकून घेतला आणि पुन्हा तेच विचारलं.

२० फेब्रु., सोम.
संध्याकाळी माझ्यापाशी पट्टी बांधली की सु. आकांत करते. पट्टी ओरबाडते, भिंतीला धडकते. आज माझ्या हाताला चावली. दुपारी आत्याबाईंपाशी मात्र हूं नाही की चूं नाही. "माझ्यापाशी कशी खेळून राहते! मायाळू हात लागतो लेकराला."
म्हणजे माझा हात कसा? रात्रीची भाकरी करपली. करपू दे.

३ मार्च, शुक्र.
शाळेच्या पिंपळावरचं मधमाश्यांचं मोहोळ उठलं. हेडमास्तर सगळ्यांच्या पुढे पळाले. एक वाजता शाळा सुटली.
घरी येऊन पाहते तो सु. अंगणात मजेत खेळतेय आणि पट्टी डाव्या डोळ्यावर! वाकड्यावर! वर हळदीचा बोटभर लेप.
आत्याबाई अजिबात घाबरल्या नाहीत. "अगं, फोड पायाला आन् फडकं हाताला, असं कुटं असतं का? दुखणं जिथं, पट्टी तिथं. तुझी चूक म्या रोज निस्तरून राहिले. तुला वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई."
रोज. महिनाभर. दुपारचे दोन तास आम्ही ढ मुलाला वर्गाबाहेर उभं करत होतो. मी पट्टी ओढून काढली आणि ओरडले. सासूवर आयुष्यात पहिल्यांदा. त्याही रडल्या, मीही रडले. सु. आम्हा दोघींकडे एकेका डोळ्यानं बघत होती. हे आले तेव्हा आम्ही तिघी रडत होतो, आणि यांनी विचारलं, "चहा हाय का?"

६ मार्च, सोम.
तह झाला. आत्याबाईंसमोर मीच उजवा डोळा मिटून आरशात पाहिलं, मग त्यांनाही पाहायला लावलं. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. चांगला डोळा झाकल्याबरोबर घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "असं दिसतं व्हय लेकराला?" म्हणाल्या. आता पट्टी त्याच बांधतात, उजव्यालाच. सु. त्यांनाही चावली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

२ एप्रिल, रवि.
घात झाला. रविवार म्हणून पट्टी सकाळीच बांधली होती, ती काढली तर डावा डोळा सरळ आणि उजवा नाकाकडे! चांगला होता तो! थोड्या वेळानं पुन्हा डावा वाकडा. आळीपाळीनं.
आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "येक हेकणा व्हता, आता दोन झाले." हे नुसता पंच टकटकवत बसले. शेजारच्या काकू दारातूनच, "मी तवाच म्हनलं व्हतं, डावं-उजवं."
दिवसभर हात कामाला लागला नाही. मीच केलं. वाकड्याला वाकडं राहू दिलं असतं तर निदान एक डोळा धड राहिला असता.

११ एप्रिल, मंगळ.
औरंगाबाद. आत्याबाई हट्टानं सोबत आल्या, डॉक्टरीणबाईंना जाब विचारायला.
बाईंनी तपासलं आणि टाळी वाजवली. टाळी! "वा! हेच हवं होतं. आता दोन्ही डोळे सारखे काम करतात. कधी हा बघतो, कधी तो. शाबास, पट्टी कुणी बांधली?"
आत्याबाई म्हणाल्या, "म्या."
खरं काय, ते तीन मार्चच्या पानावर आहेच.
आता उशीर नको म्हणाल्या. मे महिन्यात या. आणि दोन्ही डोळ्यांचं करू.
दोन्ही?
दोन्ही. नाकाकडचे स्नायू थोडे मागे सरकवायचे. एकदा करून भागेलच असं नाही, पुन्हाही लागेल कदाचित.

१५ एप्रिल, शनि.
घरात दोन पक्ष. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची, याची भीती वाटते, पण थांबणार नाही. आत्याबाई: कापा, पण येकच. हे कुंपणावर. आज कळलं काहून. परमनंट झालेला माणूस पुन्हा टेंपररी होतो का, हे यांनी डेपोत हळूच विचारून घेतलं. होत नाही म्हणे. तेव्हापासून हे माझ्या पक्षात.

८ मे, सोम.
दवाखान्यात भरती. सुट्टी लागली, रजा मागायला नको. सहीच्या कागदावर यांनी पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. आत्याबाई यांना म्हणाल्या, "कर सही. भाग्य गेलं तर जाऊ दे. म्हातारपणी दिसंना झालं तर चालतं रे, तिला आत्ताच काहून?" असं त्या बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. धरूनच बसले.

९ मे, मंगळ.
दीड तास. नेलं, आणलं. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या. भुलीतून उठली ती भुकेनं ओरडतच. इतकं गोड ओरडणं मी ऐकलं नव्हतं.

१० मे, बुध.
डॉक्टरीणबाई म्हणतात, काम नीट झालंय, बाकी पट्टी सोडल्यावर. चार-सहा महिने पाहावं लागेल. सु. कंटाळून किरकिर करतेय, हातानं चाचपत. यांनी खिशातून पंच काढून वाजवला. टक् टक्.
तिनं मान वळवली, हात पुढे केला आणि तो थेट पंचावर पडला. बोटभरही इकडेतिकडे नाही. दोन्ही डोळे बांधलेले असताना!
आत्याबाई हळूच माझ्या कानाशी, "पाहिलं का? बराबर धरला. मी म्हंते, पट्टी राहू द्यावी अशीच."
उद्या सकाळी नऊ वाजता पट्ट्या सोडणार आहेत. यांनी पंच तिच्या हातून सोडवून घेतला, पुसला आणि खिशात ठेवला. उद्यासाठी.